गोल पाकटाची फिल्म: प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

सुरुवात केली एकदाची. छोटी थ्रीडी फिल्म, आठ-नऊ मिनिटांची, आणि त्यात एकच प्राणी, राउंड स्टिंगरे, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला एक चपटा मासा, शास्त्रीय नाव उरोबॅटिस हॅलेरी. आमच्या फाइलींमध्ये त्याचं नाव 'गोल पाकट'. उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरेकापासून खाली पनामापर्यंत किनाऱ्याला लागून सापडतो, पण खरी गर्दी दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहाकडे. बहुतेक वेळ १५ मीटरच्या आतल्या पाण्यात, वाळू किंवा चिखल असलेल्या तळावर.

मांटा, तो प्रचंड मोठा पाकट, का नाही असं दोघातिघांनी विचारलं. मांटा सगळेच करतात, आणि तो दिसायलाच इतका भारी आहे की प्राण्याबद्दल काही सांगायची गरजच उरत नाही. हा आपला साधा तपकिरी, चपटा, दिवसभर वाळूत पडलेला. पण याच्यावर काम भरपूर झालंय, १९६७ मध्ये बेबेल नावाच्या संशोधकाने याच्या आयुष्यावर अख्खं बुलेटिन लिहिलं, नंतर लाँग बीचच्या विद्यापीठातल्या शार्क लॅबने वर्षानुवर्षं याला पकडून मोजून टॅग लावून सोडलंय, म्हणजे अंदाजपंचे काही दाखवावं लागणार नाही.

स्क्रिप्ट ताई लिहितेय. पहिला ड्राफ्ट आला तो जवळजवळ निम्मा काट्याचा, पाय पडतो, शेपूट वर, किंकाळी, रक्त. मी म्हटलं ताई हे पाकटाच्या आयुष्यात फार कमी वेळा घडतं, बाकीचा वेळ तो करतो काय? ती म्हणाली, "ते तू सांग, मी लिहिते." बरं.

१४ जानेवारी

बॉडी मॉडेल. नावाप्रमाणे डिस्क, म्हणजे शेपूट सोडून उरलेलं चपटं अंग, जवळजवळ गोल. मोठा झाला तरी रुंदी साधारण २५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे लोकांच्या डोक्यात स्टिंगरे म्हटल्यावर जो प्रचंड प्राणी येतो तसा नाही. शेपूट डिस्कपेक्षा आखूड आणि जाडसर, आणि टोकाला पानाच्या आकाराचा खराखुरा शेपटीचा पर आहे. चाबकासारखी शेपूट असणाऱ्या पाकटांना तो नसतो, त्यामुळे इंटरनेटवरून घेतलेलं कुठलंही रेडीमेड स्टिंगरे मॉडेल इथे चालत नाही, शेपूट नव्याने करावी लागली.

कातडी गुळगुळीत. रंग तपकिरी-करडा, त्यावर फिकट ठिपके किंवा जाळी, आणि प्रत्येकाचं वेगळं, काही तर अगदी प्लेन. खालची बाजू पांढरट ते पिवळसर. टेक्स्चरच्या तीन व्हर्जन ठेवल्यात, घोळक्याच्या शॉटमध्ये लागतील.

डोळे वर आणि तोंड, नाकपुड्या, कल्ल्यांच्या पाच जोड्या सगळं खाली. हे वाचून माहीत असतं पण मॉडेल उलटंपालटं करून बघताना जास्त जाणवतं, या प्राण्याला स्वतःचं तोंड कधी दिसतच नाही, तोंडाजवळ आलेलं भक्ष्यही नाही. शेवटच्या क्षणी जे काही करायचं ते न बघता. ताईला लगेच मेसेज केला की फिल्म इथून सुरू करू.

२१ जानेवारी

श्वास. यात पूर्ण आठवडा गेला आणि मला तरी तो वाया गेला असं वाटत नाही.

डोळ्याच्या लगेच मागे एक भोक असतं, स्पायरॅकल. तळावर बसलेला असताना तोंडाने पाणी घेतलं तर वाळू आत जाणार, म्हणून पाणी वरून स्पायरॅकलमधून आत आणि खालच्या कल्ल्यांमधून बाहेर. आत एक झडप असते. एका डायव्हरची क्लिप मिळाली, कॅमेरा अगदी जवळ ठेवून काढलेली, ती फ्रेम बाय फ्रेम बघितली. आधी झडप उघडते, भोक मोठं होतं, पाणी आत, मग झडप बंद आणि त्याच क्षणी डोळा किंचित आत दबल्यासारखा होतो, आणि डिस्कच्या कडेजवळची वाळू जराशी हलते कारण खालून कल्ल्यांचं पाणी बाहेर पडलेलं असतं. भोकाच्या काठावर वाळूचे दोन-चार कण अडकलेले, ते प्रत्येक श्वासाला सरकतात पण आत पडत नाहीत. मध्येच एकदा उलटा जोराचा फुसका मारतो आणि कण उडून जातात. हे सगळं शेप की (मॉडेलच्या आकाराच्या ठरवून ठेवलेल्या अवस्था) लावून केलंय, कणांसकट. रेंडरमध्ये हे कण कोणाला दिसतील की नाही देव जाणे पण मला दिसतात.

वाळूत पुरून घेणं त्यामानाने सोपं निघालं. डिस्कच्या कडा जोरात वरखाली, वाळू उसळते आणि पाठीवर बसते, संपलं. वर उरतात दोन डोळे आणि दोन स्पायरॅकल. बुबुळावरही एक झालर असते, उजेड वाढला की खाली उतरते आणि बाहुलीची बारीक चंद्रकोर करून टाकते.

२ फेब्रुवारी

पोहणं. पाकटांमध्ये दोन टोकं आहेत, एका बाजूला पक्ष्यासारखे पंख मारणारे, ईगल रे वगैरे, आणि दुसऱ्या बाजूला परांवरून लाट सोडणारे. रोझेनबर्गरने २००१ मध्ये याची नीट तुलना केली, डिस्कवर एका वेळी एकापेक्षा जास्त लाटा दिसल्या तर तो लाटवाला, अर्ध्यापेक्षा कमी दिसली तर पंखवाला, आणि मधले बरेच मधे. आपला गोल पाकट लाटवाला. टॉवेलचं एक टोक झटकल्यावर जशी लाट पळते तशी पुढून मागे जाते, दोन्ही बाजूंनी एकदम. वळायचं असेल तर एका बाजूची लाट कमी-जास्त, आणि उलट दिशेने लाट सोडली तर मागेही सरकता येतं.

रिगमध्ये, म्हणजे मॉडेल हलवणाऱ्या आतल्या सांगाड्यात, आधी मोजकीच हाडं टाकून बघितली, लाट कोनाकोनात तुटत होती. खऱ्या प्राण्यात परात कूर्चेच्या बारीक पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टी लहान लहान तुकड्यांची, म्हणून ती सगळीकडे वाकते. शेवटी हाडं काढून गणिती लाट लावली आणि कडेकडे जाताना तिची उंची वाढवली. आता छान दिसतंय.

एक बारीक गोष्ट अजून. तळावर हळू सरकताना काही पाकट मागचे छोटे पर (श्रोणिपर) पायासारखे टेकवून स्वतःला ढकलतात. याचाच कॅरिबियनमधला भाऊबंद, यलो स्टिंगरे, हे करताना बघून त्यावर पेपर झालाय, तो पायांबरोबर डिस्कही थोडी हलवतो. गोल पाकटासाठी मला तितकं पक्कं सापडलं नाही, म्हणून शॉट काढून टाकला. ताई नाराज, कारण "चालणारा मासा" हे तिचं आवडतं वाक्य होतं.

१५ फेब्रुवारी

खाणं आणि विजेची जाणीव एकत्र घेतलं, वेगळं करण्यात अर्थच नाही.

तोंडाभोवती आणि डिस्कच्या खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यातून जेलीने भरलेल्या नळ्या आत जातात आणि शेवटी संवेदनशील पेशींची थैली. यांचं नाव लॉरेंझिनीच्या कुप्या. कुठल्याही जिवंत प्राण्याभोवती समुद्राच्या पाण्यात अगदी क्षीण विद्युत क्षेत्र असतं, वाळूत दडलेल्या किड्याभोवतीसुद्धा, आणि शार्क-पाकट मंडळींना सेंटिमीटरला काही नॅनोव्होल्ट इतकं कमी क्षेत्रही कळतं. म्हणून न बघता खाता येतं. वास दुरून आणतो, शेवटचे काही सेंटिमीटर वीज.

सापडल्यावर हा डिस्कचा मधला भाग वर उचलतो, कडा तळाला टेकलेल्या, आत पोकळी तयार होते आणि वाळू खेचली जाते, वर तोंडाने पाणी फुंकून खड्डा आणखी मोकळा करतो. लहान पाकट जास्त करून पॉलिकीट, म्हणजे गांडुळासारखे समुद्री किडे आणि बारीक कवचधारी खातात, मोठे झाले की शिंपल्यांकडे वळतात. खाऊन गेल्यावर तळावर गोल खड्डा राहतो, आणि खणताना बाहेर पडलेलं टिपायला लहान मासे घुटमळत असतात. हे मासे फुकटचे एक्स्ट्रा म्हणून शॉटमध्ये टाकलेत.

प्रश्न असा की वीज दाखवायची कशी. निळे चमकते किरण मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलंय, ते बघून माणसाला वाटतं पाकट करंट सोडतो, तसा सोडणारा तो टॉर्पेडो रे, हा नाही, हा फक्त ऐकतो. शेवटी असं ठरलं की या भागात चित्रातला रंग काढायचा, सगळं करडं, आणि किड्याच्या जागी फक्त वाळूचा पोत हलकासा उजळ. आवाज जवळजवळ बंद.

२७ फेब्रुवारी

आज जे वाचलं त्यामुळे फिल्मचा मधला भाग बदलतोय.

ट्रायकस या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याच जातीवर दाखवलं की नर वाळूत पुरलेल्या माद्या विजेवर शोधतात. मादी डोळ्यांना दिसत नाही, वर वाळू आहे, पण ती श्वास घेतेय, आणि तोंड-कल्ले-स्पायरॅकल उघडमिट होताना तिच्या शरीराभोवतीचं स्थिर क्षेत्र श्वासाच्या तालात कमी-जास्त होतं. पाकटाच्या विजेच्या नसा नेमक्या त्याच तालाच्या आसपास सगळ्यात जास्त तयार असतात. आणि फक्त नरच नाही, माद्याही अशाच पुरलेल्या दुसऱ्या माद्या शोधतात आणि शेजारी जाऊन पुरून घेतात.

म्हणजे जानेवारीत मी जो श्वास इतका घोटला, झडप उघडणं, बंद होणं, तोच नराला ऐकू येणारा सिग्नल. ताईला फोन केला आणि दोघंही बराच वेळ यावरच बोलत बसलो. आता स्ट्रक्चर असं: श्वास, मग खाणं, मग तोच श्वास नराच्या बाजूने. तोच क्लोजअप, तोच टायमिंग, फक्त करड्या रंगात. वेगळं ॲनिमेशन करायलाच नको, फाइल तीच वापरायची, बजेटवाल्यांनाही बरं.

५ मार्च

समागम. नर मादीच्या डिस्कची मागची कड दातात धरतो, मग स्वतः वळून तिच्याखाली जातो आणि दोन क्लास्परपैकी (नराचे समागमाचे अवयव) एक आत घालतो. मादीच्या कडेवर चाव्यांच्या खुणा राहतात, सीझनमध्ये पकडलेल्या माद्यांवर त्या दिसतात. अटलांटिक स्टिंगरे नावाच्या दुसऱ्या जातीत तर नराचे चपटे दात समागमाच्या दिवसांत टोकदार होतात आणि नंतर परत चपटे. ते आपल्या फिल्ममध्ये घालणार नाही, जात वेगळी आहे, पण इथे लिहून ठेवतोय कारण असलं काही वाचलं की कोणाला तरी सांगावंसं वाटतं.

दक्षिण कॅलिफोर्नियात मोठ्या माद्या वर्षाचा बराच भाग जरा खोल पाण्यात असतात आणि नर किनाऱ्याजवळ उथळात. समागमाच्या दिवसांत, वसंत ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, माद्या आत येतात. म्हणजे घोळक्याच्या शॉटमध्ये नर-मादी सरमिसळ बारा महिने दाखवून चालणार नाही. सीझनप्रमाणे दोन वेगळे सीन.

मुलांनाही दाखवायची असल्याने चाव्याचा शॉट ठेवायचा का यावर वाद झाला. ठेवायचा. खुणा दाखवायच्या, रक्त नाही.

१३ मार्च

गर्भ. अंडी बाहेर घालत नाही, पिल्लं पोटात वाढतात, साधारण तीन महिने. आधी बलकावर, तो संपत आला की गर्भाशयाच्या भिंतीवरून निघालेल्या बारीक बोटांसारख्या वाढींमधून दुधासारखा द्रव स्रवतो, चरबी आणि प्रथिनं असलेला, त्यावर. एका वेळी एक ते सहा पिल्लं, जन्मताना डिस्क ६ ते ८ सेंटिमीटर, आणि अगदी मोठ्यांची छोटी कॉपी. काटा असतो पण आवरणात गुंडाळलेला, नाहीतर आईचंच काही खरं नव्हतं.

साधारण १५ सेंटिमीटर रुंद झाली की वयात येतात, त्याला अडीच-तीन वर्षं लागतात.

याच दुधाची दुसरी बाजू आहे. आईच्या शरीरात साठलेली पीसीबी-डीडीटीसारखी विषारी रसायनं चरबीबरोबर पिल्लांमध्ये उतरतात, म्हणजे पिल्लू जन्मालाच थोडं प्रदूषण घेऊन येतं. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रात या रसायनांचा जुना साठा आहे आणि लाँग बीचच्याच लोकांनी हे या जातीत मोजलंय. एका वाक्यात घेतलंय. ताईला दोन मिनिटं हवी होती, पण मग फिल्म प्रदूषणाची होते.

२२ मार्च

लोकेशन. सील बीच, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला. तिथल्या लोकांनी एका भागाला 'रे बे' असंच नाव पाडलंय. सॅन गॅब्रिएल नदीतून वीज केंद्रांचं गरम पाणी समुद्रात येतं, लाटाही फार नाहीत, तळ मऊ, त्यामुळे पाकट भरपूर जमतात. आणि तिथेच माणसंही पोहायला येतात. वर्षाला शेकडो लोकांना काटा लागतो अशी ही जागा.

मला जास्त आवडलं ते शेजारच्या ॲनाहाइम बेचं. तिथे वन्यजीव राखीव क्षेत्रात खाडीचे काही भाग पुन्हा पूर्ववत केलेत, उथळ म्हणून गरम. २०१२ मधल्या अभ्यासात दिसलं की उन्हाळ्यात गाभण माद्या तिथे येऊन राहतात आणि विणीच्या सुमाराला निघून जातात. उबेत गर्भ लवकर वाढत असणार हा त्यामागचा तर्क. पेपरच्या शीर्षकातच त्याला प्रसूतिगृह म्हटलंय, त्यामुळे ताईला टायटल आयतंच मिळालं. माझ्यासाठी याचा अर्थ हिरवट गढूळ पाणी, कमी दृश्यता, वर ईलग्रास या समुद्री गवताचे पट्टे. पाण्याचं टेक्स्चर रेंडरला जड जातंय, रात्री लावून झोपतो.

३ एप्रिल

काटा, अखेर. एवढं सगळं झाल्यावर त्याच्या वाट्याला चाळीस सेकंद उरलेत आणि मला ते पुरेसे वाटतात. बाकी सगळी फिल्म जो प्राणी करतो त्याची, हे चाळीस सेकंद त्याच्यावर पाय पडला तर काय त्याचे.

शेपटीच्या मधोमध साधारण. दाताच्या आतल्या भागासारख्या कठीण पदार्थाचा, दोन्ही कडांना मागे वळलेले दाते, खालून दोन खाचा आणि त्या खाचांमध्ये विषाची ऊती, वर कातडीचं पातळ आवरण. विंचवासारखी पिशवी नाही, सुईसारखं इंजेक्शन नाही. काटा घुसतो, आवरण फाटतं, ऊतीतलं विष जखमेत मिसळतं, आणि बाहेर काढताना दाते उलटे लागतात म्हणून जखम आणखी फाटते. शिकारीसाठी याचा उपयोग शून्य. फक्त कोणी दाबलं, धरलं तर. खाणारे आहेतच, किनाऱ्याजवळच्या पांढऱ्या शार्कची पिल्लंसुद्धा याच पाकटांवर वाढतात.

काटा दरवर्षी बदलतो. नवा उगवतो, काही दिवस दोन्ही असतात, मग जुना गळतो. सील बीचला पाकट पकडून काट्यांची टोकं कापून सोडत असत, नखं कापल्यासारखं, पण नवा काटा आला की पुन्हा पहिल्यापासून. शार्क लॅबने काटा गळण्याचं वेळापत्रक तपासलं ते याचसाठी, कापायचाच असेल तर कधी कापला म्हणजे जास्त दिवस टिकेल.

नावाची गोष्टही इथेच घातली. १८६३ मध्ये कूपरने या जातीला 'हॅलेरी' नाव दिलं ते मेजर हॅलर यांच्या लहान मुलावरून, सॅन दिएगोच्या उपसागरात चिखलातून चालताना त्याच्या पायाला काटा लागला होता. जखमी झाला म्हणून नाव अमर झालेला मुलगा. ताई म्हणाली हे सुरुवातीला घे, मी म्हटलं नको, परत काट्यापासून सुरुवात होईल.

९ एप्रिल

सावधगिरीची पट्टी, दहा सेकंद. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालायचं, हालचाल कळली की पाकट स्वतःच निघून जातो. लागलंच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंश सेल्सियसच्या वर नाही, अर्धा ते दीड तास, कारण विषातली प्रथिनं उष्णतेने बिघडतात आणि वेदना उतरते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, किंवा छाती-पोटाला लागलं असेल तर थेट दवाखाना, स्वतः उपटाउपटी नाही. हा मजकूर डॉक्टरांकडून तपासून घेतलाय.

१६ एप्रिल

पूर्ण फिल्म सलग बघितली, चौघं मिळून. श्वासाचा क्लोजअप दुसऱ्यांदा करड्या रंगात येतो तिथे साउंडवाल्याने विचारलं, "हा तोच शॉट आहे ना?" म्हणजे जमलंय. निवेदनात तिथे आधी एक लांब वाक्य होतं, ते कापून "मादी श्वास घेतेय" एवढंच ठेवलं.

राहिलेलं: घोळक्यातल्या तीन टेक्स्चरपैकी प्लेनवाला वाळूत इतका मिसळतो की उडी मारेपर्यंत दिसतच नाही, तो तसाच ठेवायचा असं मी ठरवलंय, ताईला अजून सांगितलं नाही. मादीच्या कडेवरचे चावे फोनच्या स्क्रीनवर अजिबात कळत नाहीत, कॉन्ट्रास्ट वाढवून तेवढा सीन आज रात्री परत रेंडरला लावतोय. सबटायटल्स उद्या.